हातउसने पिचर: फँटसी बेसबॉलमधल्या स्ट्रीमिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रीमिंग म्हणजे नेमकं काय?

फँटसी बेसबॉलमध्ये खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बनवायचा आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपल्या लीगमधल्या इतरांशी झुंजायचं. समजा एक स्टार्टिंग पिचर (सामन्यात पहिल्यापासून चेंडू टाकणारा, थोडक्यात स्टार्टर) लीगमध्ये कोणाच्याच संघात नाही, पण उद्या त्याची गाठ कमजोर बॅटिंगशी आहे. त्याला आज उचलायचं, उद्या खेळवायचं, परवा सोडून द्यायचं आणि त्याच जागी दुसरा आणायचा. हे स्ट्रीमिंग. असा पिचर हातउसना असतो, काम झालं की परत.

हे जमतं याचं कारण साधं आहे. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉलमध्ये, 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. प्रत्येकाच्या रोटेशनमध्ये पाच किंवा सहा स्टार्टर असतात आणि ते पाचव्या-सहाव्या दिवशी आळीपाळीने उतरतात. म्हणजे कोणत्याही आठवड्यात दीडशेच्या वर स्टार्टर चालू असतात. 12 जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने सहा-सात धरून ठेवले तरी 72 ते 84 च संपतात. उरलेल्यांत बहुतेक सामान्य असतात, पण सामान्य पिचरलाही महिन्यात दोन-तीन सामने चांगले मिळतात. ते सामने ओळखायचे, एवढंच काम आहे.

ड्रीम११ सारखंच आहे का हे?

नाही. तिथे एका सामन्यापुरता संघ बनतो. फँटसी बेसबॉलमध्ये मार्चअखेर निवडलेला संघ सप्टेंबरअखेरपर्यंत चालवायचा असतो, आणि एक खेळाडू लीगमधल्या एकाच माणसाकडे असतो. तुम्ही सोडलेला पिचर पुढच्या मिनिटाला तुमच्याच प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ शकतो. 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेल्या खेळातून हे सगळं वाढलं. ते ज्या रेस्टॉरंटमध्ये जमत, त्याच्या नावावरूनच 'रोटिसरी' किंवा 'रोटो' हा शब्द आला. या पानावरची सगळी माहिती पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या लीग धरून आहे.

माझ्या लीगमध्ये स्ट्रीमिंगचा उपयोग होईल का?

लीगच्या सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा. पहिली, लीग किती जणांची आहे. दहा किंवा बारा जणांत भरपूर पिचर मोकळे असतात. पंधरा जणांच्या लीगमध्ये उरतात ते बहुधा न उचललेलेच बरे. दुसरी, आठवड्याला किती बदल करता येतात. मर्यादा चार-पाच असेल तर त्यातला एखादा जखमी बॅटरच्या जागेसाठी राखून ठेवावा लागतो. तिसरी, लाइनअप रोज बदलता येतं की सोमवारी कुलूप लागतं. चौथी गोष्ट नवे लोक हमखास विसरतात, ती म्हणजे इनिंगची (तीन बाद होईपर्यंतची पाळी) किंवा स्टार्टची (पिचरने सुरू केलेले सामने) कमाल मर्यादा.

समजा रोटो लीगमध्ये, म्हणजे हंगामभराच्या आकड्यांवर क्रम लावणाऱ्या लीगमध्ये, वर्षाला 1400 इनिंगची मर्यादा आहे. हंगाम साधारण 26 आठवड्यांचा, म्हणजे आठवड्याला सुमारे 54 इनिंग. पहिल्या तीन महिन्यांत तुम्ही 900 वापरल्या तर ऑगस्टमध्ये तुमचे उत्तम पिचरही बाकावर बसतील. मर्यादा असलेल्या लीगमध्ये प्रत्येक हातउसनी इनिंग पुढे तुमच्याच चांगल्या पिचरच्या वाट्यातून वजा होते. तिथे आठवड्याला एखादाच स्ट्रीमर (हातउसना पिचर) घ्या, आणि आपल्या संघाच्या सरासरीपेक्षा तो सामना चांगला जाईल असं वाटलं तरच.

निवड करताना सुरुवात कुठून करायची?

प्रतिस्पर्ध्यापासून. मोकळ्या पिचरांची यादी उघडून त्यांचे आकडे चाळत बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. त्या यादीतल्या पिचरांमध्ये फरक थोडा असतो. त्यांच्यासमोर येणाऱ्या संघांमध्ये तो फार मोठा असतो.

म्हणून आधी पुढच्या चार-पाच दिवसांचं वेळापत्रक घ्या. सहा-सात सगळ्यात कमजोर बॅटिंगचे संघ कोणाशी आणि कुठे खेळताहेत ते लिहून काढा. त्यांच्यासमोर कोण पिच करणार हे त्यानंतर बघा. एमएलबी डॉट कॉमवर संभाव्य पिचरांची यादी असते. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या रोस्टररिसोर्स विभागात तीच माहिती तक्त्यात, पुढच्या दिवसांसकट दिसते. तीन दिवसांपलीकडची नावं अंदाजाची समजा.

कमजोर संघ ठरवताना नुसत्या धावा मोजू नका. डब्ल्यूआरसी प्लस (wRC+) हा बॅटिंगचं एकत्रित मोजमाप देणारा आकडा बघा. त्यात मैदानाचा परिणाम काढून टाकलेला असतो आणि 100 ही सरासरी असते. कोलोरॅडो रॉकीजचं उदाहरण घ्या. घरच्या कूर्स फील्डवर धावा सहज निघतात, त्यामुळे एकूण धावांत हा संघ आहे त्यापेक्षा बरा दिसतो. घराबाहेर त्यांची बॅटिंग गेली काही वर्षं लीगमधल्या सगळ्यात दुबळ्या बॅटिंगपैकी आहे. 2025 मध्ये ते 119 सामने हरले. प्रवासावर असलेले रॉकीज समोर आले की मोकळा स्टार्टर तपासायलाच हवा.

पुढचा प्रश्न हाताचा. फॅनग्राफ्सवर संघांचे आकडे डावखुऱ्या आणि उजव्या पिचरविरुद्ध वेगळे काढता येतात. एखाद्या संघात डावखुऱ्या बॅटरांचा भरणा असेल तर मध्यम दर्जाचा डावखुरा पिचरही त्यांना जड जातो. त्यासोबत त्या संघाचं स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण बघा. लीगची सरासरी हल्ली 22 टक्क्यांच्या आसपास असते. 25 च्या वरचा संघ समोर असेल, तर पिचरचा दिवस यथातथा गेला तरी स्ट्राइकआउट हाती लागतात.

'गेले दहा दिवस हा संघ थंड आहे' या गोष्टीला फार किंमत देऊ नका. दहा दिवसांत काहीही होतं. दोन मुख्य बॅटर जखमी झालेत, किंवा जुलैअखेरच्या ट्रेडमध्ये विकले गेलेत, ही मात्र खरी माहिती आहे.

मैदानाचा किती फरक पडतो?

खूप. बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर मैदानांचे गुणांक मिळतात, 100 म्हणजे सरासरी. कूर्स फील्ड 110 च्याही वर असतं. सिअ‍ॅटलचं टी-मोबाइल पार्क 90 च्या आसपास, म्हणजे दुसऱ्या टोकाला.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. त्याहून वाईट म्हणजे कर्व्ह आणि स्लायडर नीट वळत नाहीत, कारण वळायला हवेचाच आधार लागतो. शिवाय चेंडू लांब जातो म्हणून आउटफिल्ड मोठं ठेवलंय, आणि मोठ्या मैदानात साधे हिटही जास्त पडतात. 2002 पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात. त्याने होम रन (थेट कुंपणापलीकडचे फटके) कमी झाले, मैदान मात्र सामान्य झालं नाही. कूर्सवर स्ट्रीमर कधीच नको, समोरचा संघ कितीही दुबळा असला तरी.

बाकीच्या मैदानांत पिचर कसा आहे यावर ठरतं. सिनसिनाटीचं ग्रेट अमेरिकन बॉल पार्क होम रनसाठी प्रसिद्ध आहे. ज्याच्या चेंडूवर हवेत फटके जास्त बसतात तो तिथे मार खातो. जमिनीलगत फटके काढायला लावणारा निभावून नेतो. यांकी स्टेडियममध्ये उजव्या कोपऱ्यातली भिंत 314 फुटांवर आहे, त्यामुळे डावखुरे बॅटर सोकावतात. बॉस्टनच्या फेनवे पार्कमधली डावीकडची 37 फुटी भिंत काही होम रन अडवते, पण त्याच भिंतीवर आपटून डबल (दोन बेसचे फटके) निघतात आणि व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि फुकटचे बेस) फुगतो. शिकागोच्या रिगली फील्डवर तर वारा बघितल्याशिवाय ठरवूच नका. मिशिगन सरोवराकडून आत येणारा वारा असेल तर पिचरची चंगळ, बाहेर वाहणारा असेल तर उलट. सामन्याच्या काही तास आधीचा हवामान अंदाज त्यासाठी पुरतो.

सुरक्षित मैदानांत सिअ‍ॅटलखालोखाल सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क आणि सॅन डिएगोचं पेटको पार्क धरावं.

जुन्या याद्यांपासून जपा. ओकलंडचं कोलिझियम पिचरसाठी नंदनवन होतं, पण अ‍ॅथलेटिक्स 2025 पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर खेळतात आणि तिथे चेंडू उडतो. बाल्टिमोरने 2022 मध्ये डावी भिंत मागे नेली होती, 2025 साठी ती पुन्हा पुढे आणली. दोन-तीन वर्षांपूर्वीचा सल्ला आज उलटा पडू शकतो.

पिचरचे कोणते आकडे बघायचे? ईआरए पुरेसा नाही का?

स्ट्रीमरसाठी ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा) जवळजवळ निरुपयोगी आहे. पाच-सहा सामन्यांचा ईआरए क्षेत्ररक्षण, नशीब आणि नंतर आलेल्या रिलीव्हरने आत सोडलेल्या धावा यांवर हेलकावतो. मोकळ्या यादीत 2.80 ईआरएवाला दिसला तर बाकी लीगने त्याला का सोडलंय ते आधी विचारा.

एकच आकडा बघायचा झाला तर स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची (चार खराब चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणाऱ्या बेसची) टक्केवारी वजा करा. लीगची सरासरी सुमारे 14 येते. 15 च्या वरचा पिचर मोकळा असेल तर सामना मध्यम असला तरी चालेल. 10 ते 14 मधल्याला सामना चांगला हवा. 10 च्या खालच्याला हात लावू नका. हा आकडा लवकर स्थिरावतो, म्हणून मे महिन्यातही त्यावर विसंबता येतं.

वॉकवर विशेष लक्ष द्या. हिट थोडेफार नशिबाने पडतात, वॉक पिचर स्वतः देतो. वॉकमुळे व्हिप वाढतो आणि चेंडूही खर्च होतात. चौथ्या इनिंगला 85 चेंडू झाले की त्याच्या संघाचा मॅनेजर त्याला काढतो आणि विन (विजयाचं श्रेय) हातची जाते.

जोडीला चेंडूचा वेग तपासा. मागच्या दोन सामन्यांत फास्टबॉल त्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा ताशी दीड-दोन मैलांनी उतरला असेल तर दुखणं असण्याची शक्यता असते. आकडे अजून चांगले दिसत असले तरी सोडून द्या. याउलट त्याने नवा चेंडू आणलाय किंवा एखादा जास्त टाकायला लागलाय आणि बॅटर हवेत बॅट फिरवताहेत, तर तो उचलायची हीच वेळ. हे सगळं सॅव्हंटच्या खेळाडूच्या पानावर फुकट मिळतं.

आठवड्यात दोनदा पिच करणारा स्टार्टर नेहमीच चांगला का?

नाही, आणि साप्ताहिक लीगमधला सगळ्यात मोठा सापळा हाच आहे.

आधी गणित. फँटसीचा आठवडा सोमवार ते रविवार. संघ सातही दिवस खेळत असेल आणि रोटेशन पाच जणांचं असेल, तर सोमवारचा पिचर शनिवारी आणि मंगळवारचा रविवारी परत येतो. मधे गुरुवारी सुट्टी असेल तर सोमवारचा रविवारवर जातो आणि मंगळवारच्याची दुसरी पाळी पुढच्या आठवड्यात सरकते. सोमवारीच सुट्टी असेल तर मंगळवारचा पिचर रविवारी येतो. सहा जणांच्या रोटेशनमध्ये फक्त सोमवारच्यालाच आशा असते. म्हणून यादीत 'दोन स्टार्ट' असं लिहिलेलं असलं, तरी मंगळवारच्या नावांपुढे मनात प्रश्नचिन्ह ठेवा. एक दिवस पाऊस पडला किंवा मॅनेजरने एक जादा स्टार्टर घुसवला, की दुसरी पाळी गेली.

आता निर्णय. दोन्ही सामने वेगवेगळे तोला. 'एकेकटा असता तर हा सामना मी खेळवला असता का?' दोन्हींना 'हो' असेल तर लगेच घ्या. एक चांगला, एक मध्यम असेल तर तेही चालेल. एक चांगला आणि दुसरा कूर्सवर किंवा डॉजर्ससारख्या बॅटिंगपुढे असेल, तर साप्ताहिक लीगमध्ये एका चांगल्या सामन्याचा पिचर बरा. रोज बदल करता येत असतील तर चांगला सामना खेळवा आणि दुसऱ्या दिवशी बाकावर बसवा. गुणांच्या लीगमध्ये हिशेब थोडा सैल असतो, कारण तिथे इनिंगला थेट गुण मिळतात आणि दोन सुमार सामनेही एका बऱ्या सामन्याइतके भरतात. तुमच्या लीगमध्ये हिट, वॉक आणि धावांचे किती गुण कापले जातात ते आधी बघा.

एका वाईट सामन्याने किती नुकसान होतं?

हेड-टू-हेडमध्ये (दर आठवड्याला एकाच प्रतिस्पर्ध्याशी लढत) समजा आठवड्याला 40 इनिंग आणि 14 अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावा) झाले आहेत. ईआरए 3.15. स्ट्रीमरने तीन इनिंगमध्ये सहा रन दिले, तर एकूण 43 इनिंगमध्ये 20 रन, ईआरए 4.19. व्हिपही तसाच. 40 इनिंगमध्ये 46 बॅटर हिट किंवा वॉकने बेसवर गेले असतील तर 1.15, आणि त्या तीन इनिंगमध्ये आणखी नऊ गेले तर 1.28. एका सामन्याने दोन रकाने (ज्यांवर लढत मोजतात ते आकडे) गेले.

रोटोमध्ये तोच सामना इतका बोचत नाही. 700 इनिंगवर 3.60 असलेला ईआरए त्यामुळे 3.66 होतो. पण असे दहा सामने वर्षभरात झाले की जागा घसरते.

रविवारी सामना खेळवायचा की नाही हे कसं ठरवू?

शनिवारचे निकाल लागले की रकाने मांडा. ईआरए आणि व्हिपमध्ये तुम्ही थोडक्यात पुढे आहात, स्ट्राइकआउट आणि विनमध्ये भरून न येण्याइतके मागे आहात, तर रविवारी कोणालाही उतरवू नका. मात्र लीगची किमान इनिंगची अट पूर्ण झाली आहे ना, हे बघा. नाहीतर जिंकलेले रकानेही जातात. उलट ईआरए आणि व्हिप हातचे गेलेच असतील तर मिळतील तितके स्टार्टर उतरवा, तेव्हा गमावण्यासारखं काही राहिलेलं नसतं. स्ट्राइकआउटमध्ये पाचने मागे असाल तर एक जास्त स्ट्राइकआउटवाला पुरतो, तिघांची गरज नाही.

आठवड्याचे सगळे बदल गुरुवारपर्यंत संपवणारे लोक रविवारी हात चोळत बसतात. निदान एक शिल्लक ठेवा.

विन मिळण्याची शक्यता कशी ओळखायची?

स्टार्टरला विनसाठी पाच इनिंग पूर्ण कराव्या लागतात आणि तो मैदान सोडताना संघ पुढे असावा लागतो. नंतर रिलीव्हरने आघाडी घालवली की विन गेली. स्वतःच्या संघाची बॅटिंग आणि बुलपेन (रिलीव्हरांची फळी) मजबूत हवं, त्यामुळे तळाच्या संघातला चांगला पिचर विनच्या लीगमध्ये कमी कामाचा. क्वालिटी स्टार्टच्या लीगमध्ये सहा इनिंग आणि तीन किंवा कमी अर्न्ड रन लागतात. आजचा स्टार्टर सरासरी पाच इनिंगच्या थोडंच वर टिकतो, म्हणून तिथे मागच्या चार सामन्यांत तो सहाव्या इनिंगपर्यंत पोहोचला का, हे ईआरएपेक्षा आधी तपासा.

'ओपनर' दिसला तर?

2018 मध्ये टँपा बेने सर्जिओ रोमो या रिलीव्हरला पहिल्या इनिंगपुरतं उतरवलं तेव्हापासून ही पद्धत रुळली. ओपनरला उचलून काही मिळत नाही. त्याच्या मागून येऊन चार-पाच इनिंग टाकणारा मात्र अनेकदा कोणाच्या नजरेत नसतो. रिलीव्हर म्हणून आल्याने त्याला विनसाठी पाच इनिंगची अट नाही, आणि समोरच्या संघाचे पहिले तीन-चार तगडे बॅटर एकदा येऊन गेलेले असतात. क्वालिटी स्टार्ट त्याला मिळणार नाही. तो रिलीव्हरच्या जागेवर बसू शकत असेल तर आणखी चांगलं.

दुखापतीतून परतणारा किंवा नुकताच वर आलेला नवखा घ्यावा का?

परतणाऱ्याच्या पहिल्या सामन्यात 65 ते 75 चेंडूंचीच मुभा असते. विनही नाही, क्वालिटी स्टार्टही नाही. मायनर लीगमधल्या शेवटच्या सरावसामन्यात त्याने किती चेंडू टाकले ते बघा. 85 झाले असतील तर हरकत नाही. नवख्याच्या बाबतीत पहिली फेरी त्याच्या बाजूची असते, कारण बॅटरांनी त्याला पाहिलेलं नसतं. ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) वॉक जास्त देत असेल तर नाव कितीही गाजत असलं तरी दूर राहा.

भारतातून खेळताना वेळेचं कसं जमवायचं?

संपूर्ण हंगाम अमेरिकेतलं घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे फरक बदलत नाही. पूर्व किनाऱ्याशी साडेनऊ तास, पश्चिमेशी साडेबारा. न्यूयॉर्कचा संध्याकाळी 7:05 चा सामना पुणे-मुंबईत पहाटे 4:35 ला, सिअ‍ॅटलचा 7:10 चा सकाळी 7:40 ला, आणि पूर्वेकडचा दुपारी 1:05 चा रात्री 10:35 ला सुरू होतो. झोपण्यापूर्वी लाइनअप लावा आणि तारीख अमेरिकेची वाचा. 'मंगळवारचा' सामना आपल्याकडे बहुधा बुधवारी पहाटे असतो, आणि या गोंधळात पिचर बाकावरच राहतो. दुपारचे सामने रविवारी, आणि संघांच्या प्रवासामुळे बुधवार-गुरुवारी जास्त असतात. त्या दिवशी रात्री दहाच्या आत काम उरका. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी मंडळींना शेवटच्या क्षणी पाऊस बघून बदल करता येतो. भारतातून ते जमत नसेल तर छत असलेल्या मैदानावरचा किंवा कॅलिफोर्नियातला सामना निवडणं सोयीचं.

पाऊस आला तर काय होतं?

सामना सुरूच झाला नाही तर पिचर बहुधा दुसऱ्या दिवशी येतो. धोका मध्येच थांबण्याचा आहे. तासभर खोळंबा झाला की मॅनेजर स्टार्टरला परत आणत नाही. दोन इनिंगमध्ये दोन रन देऊन तो निघून जातो आणि तुमचा बदल वाया.

किती जागा ठेवायच्या आणि बोली किती लावायची?

बारा जणांच्या लीगमध्ये दोन जागा, त्याही बाकावरच्या सगळ्यात कमी कामाच्या खेळाडूंच्या. चार जागा फिरवायला लागलात की जुलैत उपयोगी पडणारा तरुण बॅटर हातून जातो. बोलीच्या लीगमध्ये लुटुपुटीच्या 100 डॉलरपैकी एका सामन्याच्या पिचरला एक डॉलर, दोन सामन्यांच्याला दोन-तीन. सगळ्यात चांगला मार्ग फुकटाचा आहे. सगळे उद्याचा पिचर शोधत असतात तेव्हा तुम्ही तीन दिवसांनंतरचा शोधा.

हंगामात कधी जास्त, कधी कमी?

एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या शहरांत थंडी असते, चेंडू कमी उडतो, पण स्टार्टर अजून पूर्ण ताकदीने शंभर चेंडू टाकत नाहीत. जून-जुलै-ऑगस्टमध्ये उष्णतेने होम रन वाढतात, तेव्हा निकष कडक करा. सप्टेंबर निराळाच. संघांत 28 खेळाडू येतात, बाद झालेले संघ नवख्यांना खेळवतात, पुढची फेरी पक्की झालेले संघ मुख्य बॅटरांना विश्रांती देतात. त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांत मोठ्या नावाच्या संघांविरुद्धही संधी निघते. पण स्वतःचा पिचर तीन इनिंगनंतर प्लेऑफसाठी काढून घेतला जाणार नाही ना, हे त्या दिवशीच्या बातम्यांत बघा.

स्ट्रीमर चांगला निघाला तर ठेवायचा का?

एका सामन्यात नऊ स्ट्राइकआउट घेतले म्हणून नाही. बदल कशामुळे झाला ते दिसायला हवं, जसं वाढलेला वेग, नवा चेंडू किंवा सलग तीन-चार सामन्यांत घटलेले वॉक. तसं काही दिसलं आणि त्याचा पुढचा सामना मध्यम संघाशी असेल तर ठेवून बाकावर बसवून बघा. पुढचा सामना कूर्सवर असेल आणि आकड्यांत काहीच बदललं नसेल तर आजच सोडा.